पाठमोरा

१

दुपारचा चहा झाला की मी मायाजवळ जात असे आणि ती विचारत असे, "आज कोनाचं सांगता?"

आमचा हा जुना खेळ. तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर एका जर्मन चित्राची मोठी छापील प्रत होती. मूळ चित्र पंधराव्या शतकाच्या शेवटाकडचं, ओकच्या फळ्या जोडून त्यांवर रंगवलेलं, कोलोनच्या आसपासच्या कुठल्याशा कार्यशाळेतलं. चित्रकाराचं नाव कोणालाच माहीत नाही. येशूची आई मरिया तिरप्या लावलेल्या पलंगावर आहे, तिची शेवटची घटका आहे, आणि येशूचे शिष्य खोलीत जमले आहेत. माझ्या तरुणपणाची पाच वर्षं या एका चित्रात गेली. शिष्यवृत्तीवर गेलो, डॉक्टरेट घेऊन परत आलो आणि निवृत्त होईपर्यंत नागपुरात मुलांना कलेचा इतिहास शिकवला. त्यांतल्या कोणाला हे चित्र आठवत असेल असं वाटत नाही. मी शिकवलं ते बरोबर होतं की नाही, याचीही आता खात्री देता येत नाही.

माझा विषय प्रभावांचा होता. त्या काळी चित्रकाराने सगळं स्वतःच्या मनातून काढावं अशी कोणाची अपेक्षा नसे. कार्यशाळेत नमुन्याची रेखाटनं असत. एका चित्रातला हात, दुसऱ्यातली मान, तिसऱ्यातला चुण्या पडलेला झगा असं उचलत उचलत नवं चित्र उभं राही. निखाऱ्यांवर गाल फुगवून फुंकर घालणारा शिष्य फ्लँडर्सहून, म्हणजे आजच्या बेल्जियमकडून आलेला. चष्मा हातात धरून पोथी वाचणारा म्हातारा ऱ्हाइनकाठच्या एका सोनाराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या छापातला. कोपऱ्यात खुंटीवर टांगलेला पंचा आणि त्याखालचं पितळी भांडं हेही फ्लँडर्सचंच. घरातल्या रोजच्या वस्तू देवाच्या चित्रात आणून ठेवायची त्या लोकांना भारी हौस.

मायाने या सगळ्यांना आपल्या ओळखीतली नावं देऊन टाकली होती. फुंकर घालणारा म्हणजे तिचा धाकटा भाऊ मारोतराव, कारण चूल पेटवताना तो असंच थोबाड करतो. चष्मेवाला म्हणजे तिच्या शाळेतले हेडमास्तर. लग्नानंतर पहिल्यांदा हे चित्र पाहिलं तेव्हा ती म्हणाली होती, हे तर महापरिनिर्वाण आहे, आमच्या विहारात लावलेलं. मी तिला समजावत बसलो की अजिंठ्यापासून कोलोनपर्यंत असा काही प्रभाव पोचल्याचा पुरावा नाही.

"मरनाऱ्याच्या भवती उभं राहाले जर्मनीतून शिका लागते का जी?" ती म्हणाली.

 

२

गेल्या हिवाळ्यात तिची फुप्फुसं कडक होत चालल्याचं कळलं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी उन्हाळ्याच्या तोंडावर आम्हाला घरी पाठवलं. करण्यासारखं फार उरलेलं नाही, पण जपलं तर बरेच महिने निघतील, असं ते म्हणाले. दवाखान्यातून मी औषधांच्या पिशवीबरोबर "जपलं तर" हे दोन शब्द घेऊन आलो आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

माझी अभ्यासिका खालच्या मजल्यावर, उत्तरेकडे. मे महिन्यात घरातली तेवढीच खोली सोसवते. पुस्तकं वर गेली, मायाचा पलंग खाली आला. चित्र काढू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली राहू द्या, सोबत होते. ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याचा आवाज दम लागलेल्या माणसासारखा, एक लांब सुस्कारा आणि मग टक. तिचं सगळं करायला खापरखेड्याहून रुख्मिणीबाई येऊ लागली. पहिल्याच दिवशी लाइट गेली तेव्हा ती पदराने मायाला वारा घालत म्हणाली की वीज आमच्या गावात बनते, पण थांबत कोणाच्याच गावात नाही.

मशीनची वायर आखूड होती. म्हणून रुख्मिणीबाईने पलंग भिंतीपासून ओढला आणि खोलीत तिरपा लावला. मी दारात उभा राहून पाहिलं आणि मला बरं वाटलं नाही. का, ते लगेच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मायाचं अंग पुसायचा पंचा धुतला, तीन घड्या करून कोपऱ्यातल्या खिळ्यावर टांगला आणि निथळणारं पाणी फरशीवर पडू नये म्हणून खाली पितळी भांडं ठेवलं. तेव्हा कळलं.

मी हसलो. मायाला दाखवलं. तीही हसली आणि मग तिला बराच वेळ खोकला आला.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःला नीट समजावलं. आजाऱ्याच्या खोलीत पंचा असतोच, भांडं असतंच. पलंगही दोन्ही बाजूंनी हात पोचावा असाच ओढलेला असतो. त्या जुन्या चित्रकारांनी अशाच खोल्या पाहिल्या असतील. प्रभाव कोणाचा कोणावर हे ठरवायच्या आधी कोणती गोष्ट आधीची ते पाहावं, हे मीच वर्गात सांगत असे. इथे आधीची कोणती, हा विचार मात्र मी पुढे नेला नाही.

३

मारोतराव रामटेककडून घरच्या तांदळाची पिशवी घेऊन आला. बहिणीला पेज आपणच भरवणार म्हणून हट्टाने पलंगाच्या काठावर बसला. पेज गरम होती. त्याने वाटी तोंडाशी धरली, गाल फुगवले आणि हळूहळू फुंकर घालू लागला. मी भिंतीकडे पाहिलं. मान तेवढीच खाली झुकलेली होती. वर चढलेली भुवईसुद्धा तीच, डावी.

"पाहा," माया मला म्हणाली. "म्या सांगतलं होतं का नाही?" तिला मजाच वाटत होती. मारोतरावाला काही कळलं नाही. बाई, गप खा, म्हणून त्याने चमचा पुढे केला.

मग विहारातले भन्ते संघपाल आजाऱ्यासाठीचा परित्राणपाठ म्हणायला आले. पलंगाच्या पायथ्याशी त्यांच्यासाठी आसन मांडलं. ऑक्सिजन चालू आहे म्हणून मेणबत्ती लावू नये, अशी मी विनंती केली आणि त्यांनी ती मानली. त्यांच्या चष्म्याची दांडी तुटलेली होती. त्यांनी चष्मा हातानेच डोळ्यांपुढे धरला आणि पोथी वाचू लागले. माझं लक्ष पाठाकडे राहिलं नाही. करंगळी वेगळी उचललेला तो हात मी ओळखत होतो. त्या हाताबद्दल मी पूर्वी एक अख्खं प्रकरण लिहिलेलं होतं.

पाठ चालू असताना लाइट गेली. खिडक्यांना उन्हासाठी जाड पडदे, त्यामुळे खोली एकदम काळोखली. रुख्मिणीबाईने लाइट गेल्यावरसाठी ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर सुरू केला. आमची मुलगी पायल उशाशी उभी होती, तिने मायाच्या बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा पाहायला मोबाइलचा टॉर्च लावला. उजेड तिच्या हनुवटीखालून वर आला. चित्रात उशाशी मेणबत्ती घेऊन उभा असलेला तरुण शिष्य आहे, येशूचा सर्वांत लाडका. पायलच्या चेहऱ्यावर सावल्या त्याच्याच होत्या.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळाने पायल पाणी घेऊन आली. बाबा, तुम्हीच आजारी पडाल, असं काहीतरी म्हणाली.

४

चित्रात मरियेच्या डाव्या हाताशी एक माणूस बसलेला आहे. आपल्याकडे त्याची पाठ आहे, चेहरा दिसत नाही. तिचा हात त्याने हातात घेतला आहे. बाकी प्रत्येकाचा उगम मी शोधून काढला, याचा मला कधीच सापडला नाही. नमुन्यांत नाही, छापांत नाही, शेजारच्या देशांतल्या चित्रांतही नाही. माझे मार्गदर्शक म्हणाले, सोडून दे, कोणा जिवंत माणसावरून काढला असेल.

माझ्या नावावर एकच लहानसा शोध आहे. क्ष-किरणांनी आणि इन्फ्रारेडने काढलेल्या छायाचित्रांवरून, रंगाचा कोणता थर कोणावर चढला आहे ते बघत बघत, हे चित्र कोणत्या क्रमाने रंगवलं गेलं ते मी ठरवलं. आधी खोली, मग वस्तू, मग एकेक माणूस. हे सगळं होईपर्यंत मरियेचे डोळे उघडे रंगवलेले होते. सगळ्यांत शेवटी पाठमोरा माणूस आला. तो बसल्यावर चित्रकाराचं एकच काम राहिलं. त्याने त्या उघड्या डोळ्यांवर पापण्या रंगवल्या.

यात गूढ काही नाही. त्या कार्यशाळेची तशी पद्धत असेल. भोवतीची माणसं लागल्याशिवाय मधल्या चेहऱ्याला हात लावायचा नाही, असं. मी तसंच लिहिलं आणि परीक्षकांनी मान्य केलं.

पलंग फिरवल्यापासून मायाच्या डाव्या हाताशी माझ्यासाठी एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम औषधांची पिशवी असे. मी चित्रातलं दाखवायचो ते पायथ्याशी उभा राहून. भन्ते येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी रुख्मिणीबाईने पिशवी खिडकीत ठेवली, खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बसा न सर. तुमच्यासाठीच मोकळी केली."

५

मी बसलो नाही. काम आहे म्हणालो आणि वर गेलो.

त्यानंतर मी खोलीत जायचंच सोडलं. दारात उभा राहून बोलत असे. सर्दी झाली आहे, तुला लागायला नको, असं पहिल्यांदा सांगितलं. मग पाठ धरली आहे म्हणालो, खुर्चीत बसवत नाही. मारोतरावाला मी शेतकामाचं निमित्त काढून रामटेकला परत जायला लावलं. धानाचं काम आता नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो तोंड पाडून गेला. भन्तेंना निरोप पाठवला की इतक्यात येऊ नका. एक दिवस माया झोपलेली असताना रुख्मिणीबाईला हाताशी घेऊन चित्र उतरवलं आणि कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्याने काही झालं नाही. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. बाकीचं सगळं होतं तिथेच होतं, आणि आता ताडून पाहायलाही काही नव्हतं.

हे सगळं मूर्खपणाचं आहे हे मला समजत होतं. माझे वडील छप्पन साली दीक्षाभूमीवर उभे होते. घरातले सगळे गंडेदोरे त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकले. त्यांचा मुलगा शहात्तराव्या वर्षी एका खुर्चीला घाबरत होता. पण बोटाच्या यंत्रावर आकडा चांगला येत होता. घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं की असं काय करता तुम्ही. मी काय करत होतो ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. तब्येत बिघडली असती तर मी कदाचित धावत आत गेलो असतो. ती सुधारत होती, म्हणून दारात अडकलो.

पायलने एक दिवस मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज खाली ठेवून बोलली.

"आई दिवसभर दाराकडं पाहून राहते. तुम्ही काहून आत जात नाही, बाबा? भेव लागते का तिचं?"

मी सर्दीचं बोललो.

"मग मास्क लावा. लोक कोविडमध्ये सुद्धा गेले आपल्या माणसापाशी."

मी मान हलवली. तिला वाटलं मी कबूल झालो.

त्या संध्याकाळी मी दारात उभा असताना मायाने विचारलं, "माह्यावर राग आहे का तुमचा?"

मी नाही म्हणालो.

"मग या न. मी खाते का तुमाले?"

उद्या येतो, असं मी तिला सांगितलं. तिने डोळे मिटले. ते पुन्हा उघडेपर्यंत मी तिथून हललो नाही. उघडल्यावर तिला मी दिसलो आणि ती दुसरीकडे पाहू लागली. एवढ्यासाठी मी तिला एकटी ठेवत होतो. त्या वेळी मला वाटलं, हरकत नाही, रागावलेली का होईना, बघते आहे.

६

लाइट गेली ती भर दुपारी. पायल कामावर होती, रुख्मिणीबाई औषधं आणायला कोपऱ्यावर गेलेली. मी व्हरांड्यात होतो. आधी कूलर बंद पडला, मग मशीनचा सुस्कारा अर्ध्यात तुटला. मशीन इन्व्हर्टरवर चालत नाही. अशा वेळी सिलिंडर सुरू करायचा असतो. वर एक चावी आहे, ती डावीकडे फिरवायची. पायलने मला दोनदा शिकवलं होतं. सिलिंडर त्या खुर्चीच्या मागे, भिंतीला टेकून उभा होता.

मी दारापर्यंत धावलो. माझं वय पाहता त्याला धावणंच म्हणायला हवं. उंबऱ्यापाशी पाय थांबला. चार पावलं आत जायचं, खुर्चीच्या अंगाला वाकायचं, चावी फिरवायची आणि बाहेर यायचं. बसायचं कुठे होतं? पण वाकताना खुर्चीचा आधार घ्यावा लागला असता. आणि ती हात पुढे करेल, हे मला माहीत होतं. हात पुढे केल्यावर मी काय करणार होतो? किती वेळ मी हा हिशेब करत उभा होतो ते सांगता येत नाही. थोडाच वेळ असेल. आतून तिचा श्वास ऐकू येत होता, वाळूवर काही ओढल्यासारखा.

मग चावी फिरल्याचा आवाज आला. लोखंडावर लोखंड, एक लहानशी करकर. त्यामागून हवेचा फुत्कार.

मी व्हरांड्याच्या उन्हातून आलो होतो, आत अंधार होता, डोळे धड सरावलेले नव्हते. हे सगळं लक्षात घ्यायला हवं. मला पलंग दिसला, तिची उशी दिसली. खुर्चीत कोणीतरी पाठ करून बसलेलं होतं. पांढरा सदरा. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. दिवसभर काम करून आलेला माणूस टेकतो तसं टेकलेलं.

मला ती पाठ ओळखता आली नाही. स्वतःची पाठ माणसाने कधी पाहिलेली नसते.

"आले का जी?" माया म्हणाली. तिचा श्वास सुटा झाला होता. "मले वाटलं, आता येतच नाही तुम्ही."

उत्तर मला ऐकू आलं नाही. पण ते तिला मिळालं असावं, कारण ती हसली. तसं ती हिवाळ्यानंतर हसली नव्हती.

७

मी आत गेलो.

खुर्ची रिकामी होती. हे मी जसं दिसलं तसं लिहितो आहे. खुर्चीत कोणी नव्हतं, खोलीत आमच्या दोघांखेरीज कोणी नव्हतं. सिलिंडरचा काटा वर होता. जाण्याआधी रुख्मिणीबाईनेच तो थोडा उघडून ठेवला असेल. मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारायला हवं.

माया खुर्चीकडे पाहून हळू आवाजात काही सांगत होती. मारोतरावाचं नाव ऐकू आलं, पेजेचं काहीतरी. इतक्या दिवसांचं साठलेलं सांगत होती. मी पाऊल पुढे टाकलं तेव्हा तिला चाहूल लागली आणि तिने मान वळवली.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला मी दिसत होतो, यात शंका नाही. डोळे स्वच्छ होते. घरी पाहुणे आले की ती चेहऱ्यावर आणते तो भाव तिने आणला. दमलेली असताना आणते तो.

"कोनी आलं आहे," ती खुर्चीला म्हणाली. मग मला म्हणाली, "या न, भाऊ. जय भीम. उन्हाचे आले."

"माया," मी म्हणालो. "मी आहे."

"हो, हो," ती म्हणाली. नाव आठवत नसलं की माणूस असंच म्हणतो.

ऑक्सिजन कमी झाला की मेंदू असं करतो. माणसं ओळखू येत नाहीत, नसलेली दिसतात. डॉक्टरांनी हे आधी सांगून ठेवलं होतं. मी ते स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही आहे. दोन पावलं गेलो असतो तर खुर्चीत बसता आलं असतं. ती माझीच होती. भीती वाटली म्हणून थांबलो असं मला म्हणता येत नाही, भीती तोवर संपली होती. तिथे जाऊन बसणं मला उद्धटपणाचं वाटलं. दोन माणसं बोलत असताना मध्ये घुसल्यासारखं.

"हे आहेतच इथं," माया मला म्हणाली. "तुम्ही तिकडं बसा. पायापाशी."

मी पलंगाच्या पायथ्याशी टेकलो. तिने बसायची परवानगी दिल्यासारखी मान हलवली आणि खुर्चीकडे वळली. डावा हात चादरीवरून उचलला आणि पुढे केला. तो हवेत होता, पण लोंबत नव्हता, कशावर तरी विसावला होता. मग तिची बोटं मिटली. पूर्ण मिटली नाहीत. मध्ये एका हाताच्या जाडीएवढी जागा राहिली.

बाहेर फाटक वाजलं. रुख्मिणीबाई आली असणार. माया हळूहळू बोलत होती, मध्येच थांबून ऐकत होती, पुन्हा बोलत होती. मला त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही. मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.